झोपवणाऱ्या विनता मॅडम

आमच्या विनता मॅडम भूलतज्ज्ञ, पण पेशंटच्या लेखी त्या नुसत्या ‘सुईवाल्या’. बरं झाल्यावर पेढ्यांचा डबा सर्जनच्या केबिनमध्ये जातो. मॅडमचं नावही कुणाला ठाऊक नसतं. मी श्रीपाद, जबलपूरच्या या दवाखान्यात अकरा वर्षं त्यांच्या हाताखालचा टेक्निशियन. मला याचा राग येतो, त्यांना येत नाही.

हृदयाची झडप अरुंद झालेला पेशंट आला की मॅडम गोगलगाय होतात. नेहमीचं भुलीचं औषध अशा पेशंटचं बीपी धाडकन पाडतं, आणि पडलेलं बीपी त्या हृदयाला सावरता येत नाही. म्हणून त्या वेगळं, सौम्य औषध निवडतात आणि तेही थोडंथोडं देतात. सर्जन सुशांत सर घड्याळ बघत चुळबुळतात. मॅडम म्हणतात, "चलो सर, चहा पिऊन या."

परवा टेबलावर अशाच झडपेच्या पेशंट, अधारतालच्या नंदाबाई होत्या. मॅडमनी सवयीने जीभ बघितली. कोरडी ठाक.

"पाणी केव्हा प्यायलात?"

"काल सकाळी."

"काहून? दोन तास आधीपर्यंत प्या म्हणून सांगितलं होतं न मी?"

"निर्जळी उपास करून राहिली न, मॅडम."

मॅडम भडकल्या. अशा सुकलेल्या शरीराला भूल दिली असती, तर सौम्य औषधानेही बाई हातच्या गेल्या असत्या. त्यांनी सगळं थांबवून सलाईन लावलं. तेही हळूहळू, कारण या हृदयाला एकदम भारही सोसत नाही. सव्वा तास गेला. सुशांत सरांचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं झालं होतं.

शेवटी मॅडमनी सिरिंज हातात घेतली. "कोणत्या देवासाठी केला हा उपद्व्याप?"

"तुमच्यासाठी," नंदाबाई म्हणाल्या. "कापणारे मोठे डॉक्टर आहेत, पण झोपवणार तर तुम्हीच न? तुमच्या हाताला यश यावं म्हणून."

मॅडमनी सिरिंज सलाईनच्या नळीला जोडली. थोडं औषध सोडलं, थांबल्या, पुन्हा थोडं सोडलं. नंदाबाईंचे डोळे मिटले. बीपी जरासं उतरलं आणि तिथेच टिकलं. माझा जीव भांड्यात पडला.

"घ्या सर, आता तुमचं," मॅडम म्हणाल्या. मग मॉनिटरवरची नजर न हटवता मला हळूच म्हणाल्या, "श्रीपाद, माझा चष्मा पुसून दे न जरा. दिसून नाही राहिलं."