एकशे अडतीस पांढऱ्या तारा

वायरचा तुकडा हातात आला की काका आधी तो जाळायचे. खिशातून काडेपेटी काढायची, बोटभर तुकडा चिमट्यात धरायचा, काडी लावायची आणि मान जरा वळवून धुराकडे बघत राहायचं. दुकानात चार गिऱ्हाइकं ताटकळत असली तरी त्यांना फरक पडत नसे. धूर काळा निघाला, नाकाला झोंबला, की तुकडा काउंटरवर ठेवून म्हणायचे, "घरासाठी चालते ही, भाऊ. घराले दार असते."

मोताळ्यात माझं विजेच्या सामानाचं दुकान आहे. काका देऊळघाटचे. उभं आयुष्य बाहेरगावी एका विमानांच्या कारखान्यात तारा जोडण्यात घालवून ते गावी परतले होते. कडक इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं, गळ्यात दोरीला बांधलेलं भिंग. "जयभीम भाऊ" म्हणत पायरी चढायचे आणि होल्डर घ्यायला आले तरी अर्धा तास वायरींशी बोलत बसायचे.

नोकरी सुटली तरी काम सुटत नाही अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांच्या घरात प्रत्येक बटणाखाली चिठ्ठी होती. ओटा, न्हाणी, अंगण. मिठाच्या डब्यावर चिठ्ठी, किल्ल्यांवर चिठ्ठी. एकदा मी घरी गेलो असताना काकू चहा ठेवत म्हणाल्या, "मलेबी एक चिठ्ठी लावा म्हना यायले. हरवली त सापडीन."

काका पेपरातून मान वर न करता म्हणाले, "चिठ्ठी दोन्ही टोकाले लागते. तुह्यं दुसरं टोक मीच हाय."

काकूंनी पदर तोंडाला लावला. काकांनी पान उलटलं.

मग प्रमोदचं विमान आलं.

प्रमोद धामणगाव बढ्याचा. फवारणीची यंत्रं आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवण्यात त्याचा हात धरणारा तालुक्यात नव्हता. पण वर्कशॉपच्या मागच्या शेडमध्ये तो सहा वर्षं दोन माणसांचं विमान बांधत होता. नकाशे बाहेरून मागवलेले, इंजिन बाहेरून आणलेलं, बाकी सगळं त्याच्या हातचं. उडवायचंही तो रीतसर शिकून आला होता. लोक हसून हसून थकले होते. सरकारी तपासणी पार पडली की उडवायची परवानगी मिळणार होती. विमानातली सगळी वायर माझ्या दुकानातून गेलेली, म्हणून मी मोठ्या कौतुकानं काकांना ते दाखवायला घेऊन गेलो.

काका तासभर विमानाच्या पोटात डोकं घालून होते. बाहेर आले, हात पुसले आणि म्हणाले, "काम साजरं केलं. पण वायर सगळी काढा लागते."

प्रमोदचा चेहरा उतरला. "काका, सहा महिने लागले या कामाले."

"दिसून राह्यलं मले."

"मंग काऊन काढाची? सगळे दिवे लागतात, सगळं चालते."

काकांनी शेडमधली लोणच्याची रिकामी बरणी घेतली. त्याच वायरचा वीतभर तुकडा पेटवून आत टाकला आणि वर ताटली ठेवली. बघता बघता बरणी काळ्या धुरानं भरली. "डोकं खाली आन. आता ताटली काढ आन एकच श्वास घे."

प्रमोदनं घेतला आणि खोकत शेडबाहेर पळाला. बराच वेळ तो लिंबाला धरून उभा होता.

"इतकुसा तुकडा व्हता," काका त्याच्या पाठीवर हात फिरवत म्हणाले. "घरात धूर झाला त माणूस दारातून पळते. वर गेल्यावर तू कोनतं दार उघडशीन?"

दुसऱ्या दिवशी प्रमोदनं स्वतःच्या हातानं सगळी वायर उपटून काढली.

नवीन वायर निवडायला काकांना तीन आठवडे लागले. शाळेच्या वहीत त्यांनी रेघा मारल्या. कुठला दिवा, कुठला पंप, कुठलं यंत्र. किती वीज ओढतं, किती लांब आहे, किती जाड तार हवी. घरातली एकसंध तार त्यांनी बोटानं दहा वेळा वाकवून तोडून दाखवली. "इंजिन दिवसभर हादरते. आतमंदी बारीक बारीक तारांचा पुंजका पाहिजे, तांब्यावर कल्हई पाहिजे, आन वरचं आवरण जळालं तरी गुदमरवणारं नको." तशी वायर बंगळूरहून आली. खोकं उघडलं तर सगळी पांढरी.

"आता ओळखाची कशी?" प्रमोदनं विचारलं.

"रंग इसरून जा. प्रत्येकीले नंबर आन नाव. दोन्ही टोकाले."

चिठ्ठ्या छापायचं यंत्र माझ्याकडे होतं, म्हणून ते काम माझ्याकडे आलं. काका सांगत, मी छापत असे. चिठ्ठी तारेवर गुंडाळायची, वर पारदर्शक नळी चढवायची, गरम हवा मारायची. नळी आवळली की चिठ्ठी कायमची बसली. एकूण एकशे अडतीस तारा. एकदा मी 'डावा' आणि 'उजवा' यांची अदलाबदल केली. काका रागावले नाहीत. चष्मा काढून डोळे चोळले आणि म्हणाले, "भाऊ, वर असतानी माणूस इचार करत नाही, वाचते. जे लिवलं त्याच्यावर हात टाकते."

हे वाक्य मी ऐकलं होतं. तरी पुढे जे केलं ते केलं.

तपासणीला चार दिवस उरले होते. काका नातीच्या लग्नाला अकोल्याला गेलेले. इंधन पंपाची तार, नंबर चौऱ्याण्णव, प्रमोदच्या हातून दीड हात आखूड कापली गेली. वायर संपली होती. बंगळूरहून यायला पंधरा दिवस. प्रमोदचा फोन आला. "भाऊ, पांढरी वायर तुमच्याकडंबी असंनच."

होती. साधी, घरात वापरायची. मी ती घेऊन धामणगावला गेलो. दीड हाताचा तर प्रश्न आहे, असं वाटेत स्वतःला सांगत होतो. प्रमोदनं जोड दिला, मी दोन्ही टोकांना चिठ्ठ्या लावल्या. चौऱ्याण्णव, इंधन पंप. गरम हवा मारली. शेजारच्या तारांत ती अशी मिसळली की मलाच ओळखू येईना.

काका तपासणीच्या आदल्या दिवशी परतले. भिंग लावून एकेक चिठ्ठी मोठ्यानं वाचू लागले. मी वहीत खूण करत होतो.

"त्र्याण्णव. होकायंत्राचा दिवा."

"बरोबर."

"चौऱ्याण्णव. इंधन पंप."

"बरोबर," मी म्हणालो. वहीत खूणही केली. काकांचं भिंग क्षणभर तिथं थांबलं असं मला वाटलं, पण ते पुढे सरकलं. चिठ्ठी मी लावली होती आणि त्यांचा माझ्यावर भरवसा होता.

मग ते म्हणाले, "आता मी आतमंदी बसतो. झाकण बंद, इंजिन चालू, सगळी बटनं चालू. धा मिनिटं."

हे आम्हाला माहीत नव्हतं. प्रमोद घाईनं म्हणाला, "मी बसतो ना काका."

"तुले उडवाचं हाय. मले आयकाचं हाय."

शेडमागच्या सपाट रानात विमान उभं केलं. चाकांना दगड लावले, शेपूट ट्रॅक्टरला बांधली. सत्तरी ओलांडलेला तो माणूस कुठलाही आधार न घेता आत चढला. प्रमोदनं माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहिलं. झाकण बंद होईपर्यंत बोलायला वेळ होता. मी बोललो नाही. हे मी तुमच्यापासून लपवत नाही.

इंजिन सुरू झालं. धूळ उठली. मी घड्याळ बघत होतो. पहिलं मिनिट, दुसरं, तिसरं. काचेतून काका दिसत होते. डोळे मिटून, मान तिरकी करून ऐकत होते. चौथ्या मिनिटाला त्यांनी डोळे उघडले. पाचव्याला खाली वाकून पायाशी बघितलं. मग त्यांच्या गुडघ्यांजवळून एक काळपट रेघ वर आली.

मी धावलो. प्रमोदनं मागून माझी कॉलर धरून मला खेचलं, नाहीतर मी सरळ फिरत्या पंख्यातच गेलो असतो. आत धूर छातीपर्यंत चढला होता. त्यातून काकांचा हात दिसत होता. तो हात घाई करत नव्हता. एक बटण बंद केलं, मग दुसरं. मग इंजिन थांबलं. पंखा फिरायचा राहिला तसं आम्ही दोघांनी झाकण उचललं आणि त्यांना काखेत धरून बाहेर काढलं.

ते मातीत बसून खोकत राहिले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. प्रमोदनं घाईघाईनं पाणी पाजलं, त्यातलं अर्धं काकांच्या इस्त्रीच्या शर्टावर सांडलं. मी दूर उभा होतो. जवळ जायची माझी हिंमत नव्हती.

थोड्या वेळानं ते उठले. पुढची फळी खोलायला लावली. इंजिनाच्या आचेनं माझ्या वायरचं आवरण वितळून लोखंडाला चिकटलं होतं. त्यांनी ती कापून काढली, भिंगाखाली धरली.

"चौऱ्याण्णव. इंधन पंप. चिठ्ठी तुमच्याच यंत्रातली हाय, भाऊ." त्यांचं बोट चिठ्ठीवरून तारेवर सरकलं. "वायर कोनाच्या दुकानातली हाय, हे मले जाळून पाहा लागत नाही."

"काका, मीच म्हटलं भाऊले," प्रमोद म्हणाला.

"चिठ्ठी मी लावली," मी म्हणालो.

त्यांनी आवाज चढवला नाही. तो चढवला असता तर बरं झालं असतं. "तार खराब असली त सापडते. चिठ्ठीच खोटी असली, मंग कोनाच्या भरवशावर माणूस वर जाईन?"

दुसऱ्या दिवशी तपासणीची दोन माणसं आली. इंजिनात बिघाड आहे एवढंच सांगावं असं प्रमोदच्या मनात होतं. काका म्हणाले, "जे झालं ते सांगा. दोघंबी सांगा." आम्ही सांगितलं. साहेबांनी शांतपणे ऐकलं, लिहून घेतलं, आणि सगळं दुरुस्त करून पुन्हा अर्ज करा म्हणाले. म्हणजे जवळजवळ आणखी एक वर्ष.

आता काका येणार नाहीत असं आम्ही धरून चाललो होतो. मी दोनदा देऊळघाटच्या फाट्यापर्यंत जाऊन परत फिरलो. तिसऱ्यांदा घरी गेलो तर काकू नेहमीसारख्या हसल्या. "बसा. ते धामणगावले गेले सकाळच्या गाडीनं. त्यायले खोकला काऊन झाला हो इतका? इचारलं त म्हनतात, लग्नातलं थंड पानी."

मी धामणगाव गाठलं. काका विमानाच्या पोटात होते. माझी चाहूल लागली तसं आतूनच म्हणाले, "एक खोटी निघाली. आता एकशे सदतीस मले नव्यानं पाहा लागतात. त्या टोकाले बसा, शेठ."

आमच्याकडे 'शेठ' म्हणणं काही अपमान नाही. बाजारात सगळेच म्हणतात. पण त्या दिवसापर्यंत मी 'भाऊ' होतो.

सात आठवडे आम्ही एकेक तार दोन्ही टोकांनी मोकळी केली, तिच्या आवरणाचं सालपट काढून जाळून पाहिलं, वीज सोडून तपासली, पुन्हा चिठ्ठी लावली. ते डबा आणायचे, त्यातली भाजी मला आणि प्रमोदला वाढायचे. ज्वारीची भाकर, झुणका, कधी काकूंनी मुद्दाम माझ्यासाठी दिलेला ठेचा. "घ्या शेठ, तिखट हाय." बोलण्यात काही कमी नव्हतं. भाऊ तेवढं पुन्हा म्हणाले नाहीत. मीही मागितलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात, परवानगीचा कागद यायच्या आधी, एका सकाळी ते चहा पिता पिता खुर्चीतच गेले. पुण्यानुमोदनाला मी आणि प्रमोद मागच्या सतरंजीवर बसलो होतो. वंदना चालू असताना प्रमोद लहान मुलासारखा रडला.

कागद आला तो दिवाळीनंतर. ट्रॉलीवर लादून विमान ठरवून दिलेल्या धावपट्टीवर नेलं. काकूंना प्रमोद स्वतः घेऊन आला. इंजिन सुरू झाल्यापासून मी श्वास मोजत होतो. विमान पळालं, उचललं गेलं, बारीक होत वळलं. मला सगळीकडे धूर दिसत होता, ढगाच्या पुंजक्यातसुद्धा. काकू मात्र कपाळावर हात धरून निवांत बघत होत्या.

"ते कधीच उडाले नाही इमानात," त्या मध्येच म्हणाल्या.

मी विचारलं, "इतकी वर्षं कारखान्यात असून?"

"एकडाव सायबानं म्हटलं व्हतं, चला, चक्कर मारून आनतो. हे म्हने, आज काम लय हाय, मंग कधी. ते मंग आलंच नाही."

बारा मिनिटांनी चाकं जमिनीला लागली. प्रमोद खाली उतरला तेव्हा त्याचा शर्ट घामानं अंगाला चिकटला होता. त्यानं कुणाशी हात मिळवला नाही. सरळ काकूंसमोर येऊन उभा राहिला. दुसऱ्या कुणाला वर न्यायची परवानगी त्याला नव्हती.

"काकू, नुसतं बसता का जराभर?"

"मी कायले बापा?" त्या म्हणाल्या. पण पाय विमानाकडेच वळले होते. पंखाजवळ त्यांनी चपला काढल्या, जुळवून ठेवल्या. मी कोपराला हात दिला. आत बसल्यावर त्यांनी लुगडं नीट केलं, दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि धावपट्टी सरळ जाऊन जिथे संपत होती तिकडे बघत राहिल्या.

"झाकण लावू का, काकू?" प्रमोदनं हळूच विचारलं.

"हाव," त्या म्हणाल्या. "लाव."