रानडुकरांच्या पिच्चरचा नंबर

आमचे हे कापसाचे ग्रेडर होते. खरेदी केंद्रावर गाडी आली की कापूस हातात घ्यायचा, धागा ओढायचा, ओल बघायची, किडकी कवडी किती, पत्तीचा कचरा किती ते बघायचं आणि नंबर लावायचा. नंबर लागला की भाव ठरला. वरचा कापूस सगळेच चांगला ठेवतात, म्हणून हे गाडीवर चढून कोपरापर्यंत हात आत घालायचे आणि खालचा बाहेर काढायचे. गाडी कोणाची हे आधी विचारायचं नाही, हा त्यांचा नियम. आधी नंबर, मग नाव. एकदा माझ्या सख्ख्या भावाच्या गाडीला दोन नंबर लावून मोकळे झाले. त्यानंतर माहेरी जेवायला बसले की वहिनी मला भाजीसुद्धा दोन नंबरची वाढते की काय, असं वाटायचं.

कापसाची ती वर्षं फार वाईट होती. भाव पडलेले, अळीनं बोंडं पोखरलेली, आणि केंद्रासमोर गाड्यांची ही लांब रांग. माणसं चिडून यायची आणि चिडायला समोर सापडायचे हेच. दिवसभर शिव्या खाऊन माणूस घरी आला की त्याच्याकडून कसलंच मत निघायचं नाही. भाजी कशी झाली? ठीक हाय. लुगडं कसं दिसतं? ठीक हाय. हसणं तर विसरूनच गेले होते. त्यांच्यावर मी चिडायची आणि त्यांची काळजीही मलाच वाटायची.

अशा घरातल्या आमच्या एकुलत्या एक पोरानं कार्टूनचं काम शिकायचं ठरवलं आणि पुण्याला गेला. ह्यांनी आरडाओरडा केला नाही. पण कळंबच्या जिनिंग कारखान्यातल्या सेठला सांगून त्यांनी मुनीमाच्या हाताखालची एक जागा पोरासाठी धरून ठेवली आणि पोराला सांगितलं, "एक पिच्चर होऊ दे तुहा. मी सोता पाहीन. चांगला असला तं राह्य तिथंच. नाही तं गुमान जिनिंगमधी यायचं."

पोरगं कबूल झालं. बापाचा नंबर आजवर कोणी बदलवू शकलं नव्हतं, हे त्यालाही माहीत होतं. मला मात्र तो जिनिंगमध्ये नको होता. एक माणूस कापसापायी कसा आंबून गेला ते मी रोज बघत होते, त्यात दुसरा कशाला?

पिच्चर यायला दोन वर्षं लागली. मधून मधून फोनवर मी विचारायची की तू नेमकं काय काढतोस.

"माझ्याकडे चाल आहे, आई."

"कोणाची चाल?"

"पिच्चरमधल्या कुटुंबाची. ते कसे चालतात, थांबतात, पळतात, ते सगळं."

"अन् तोंडं?"

"तोंडं दुसऱ्याकडे आहेत."

"बोलणं?"

"तेपण दुसऱ्याकडेच."

म्हणजे दोन वर्षं नुसते पाय! मी ह्यांना काही सांगितलं नाही. पण खरा धक्का मला पुढे बसला. पिच्चर लागायच्या आठवड्यात त्यानं सांगितलं की हे कुटुंब रानडुकरांचं आहे. अरे बाबा, आमच्या जिल्ह्यात रानडुकरांवर हसायचं? पेरलं की उकरतात, पिकलं की तुडवतात, अख्खं गाव त्यांच्यापायी मचाणावर जागतं. माझा भाऊ राळेगावकडे शेती करतो. पोरगं लहानपणी सुट्ट्यांमध्ये मामासोबत जागलीला जायचं आणि सकाळी लाल डोळे घेऊन परत यायचं. "लोकं पडदा फाडतीन रे," मी म्हटलं. तो म्हणाला, "मी नाही लिहिला आई, मी फक्त चाल..." पुढचं मी ऐकलंच नाही.

रविवारी आम्ही दोघं एसटीनं यवतमाळला गेलो. जाताना कळंबच्या चिंतामणी गणपतीला मनातल्या मनात सगळं सांगून ठेवलं. दुपारचा खेळ होता. ह्यांनी बाल्कनीची तिकिटं काढली, पोराची इज्जत म्हणून. बाल्कनीत शहरातली माणसं, इस्त्रीचे कपडे, लेकरांच्या हातात वेफर्सच्या पुड्या.

पिच्चर असा होता. जंगलातून रस्ता निघतो म्हणून रानडुकरांचं एक मोठं कुटुंब नवं घर शोधायला निघतं. आजी खवचट, बाप भित्रा, आई सगळ्यांवर डाफरणारी, मागे पोरांचं लेंढार. पेपरात लिहून आलं होतं की सगळ्या घरादारानं पोट धरून हसावं असा पिच्चर आहे. मी तर हसायचं ठरवूनच गेले होते आणि सुरुवातीला मोठमोठ्यानं हसलेही. इतकी की शेजारची बाई वळून वळून माझ्याकडे बघायला लागली. पण किती वेळ ओढून ताणून हसणार? बाप चिखलात पडतो, सगळे खिदळतात. परत पडतो. मग गाणं. गाणं संपत नाही तोच दुसरं गाणं. बाप आणखी एकदा चिखलात पडला तेव्हा मला जांभई आली.

खरं सांगते, मला पिच्चर आवडत नव्हता. आणि आवडत नाही म्हणून मला रडू येत होतं. ज्यानं ही गोष्ट लिहिली त्याला समोर उभं करावं आणि दोन शब्द ऐकवावेत असं वाटत होतं. माझ्या पोरानं दोन वर्षं पाय काढले आणि ह्या शहाण्यानं ते चिखलात घातले. मी हळूच ह्यांच्याकडे पाहिलं. चेहरा कोरा. उजव्या हाताचा अंगठा तेवढा बोटावर घासत होता, केंद्रावर धागा ओढताना घासतात तसा.

मध्यंतर झालं. मी विचारलं, "आवो, कसा वाटून राह्यला?"

"वरचा कापूस पाहून सांगत नसतो मी," म्हणाले आणि उठून गेले.

मला वाटलं चहाला गेले असतील. घंटा झाली, दिवे गेले, तरी ह्यांचा पत्ता नाही. हा माणूस अर्ध्यातून उठून थेट बसस्टँडवर तर गेला नाही? मी जिना उतरले. दारावरच्या माणसाला विचारलं तर तो म्हणाला, "काका खाली बसले, काकू. आपल्या मनानंच गेले."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. ह्यांनी गाडीच्या खालपर्यंत हात घातला होता.

खाली खेड्यावरून बाजाराला आलेली माणसं होती. पिशव्या, दुपट्टे, मांडीवर लेकरं. मधल्या ओळीत हे बसलेले दिसले. त्यांच्या बाजूला एक म्हातारा शेतकरी बसला होता, दुपट्ट्यातल्या शेंगा फोडून खात. मी त्यांच्या मागच्या खुर्चीवर बसले. ह्यांनी मला पाहिलंसुद्धा नाही.

पडद्यावर रात्र झाली. चांदणं पडलं आणि ज्वारीच्या वावराच्या धुऱ्यावर आजी डुकरीण येऊन उभी राहिली. नाक वर. पुढचा एक पाय अधांतरी. कान झटकला, परत कानोसा घेतला, मग एकदम खाली मान घालून आत घुसली. तिच्यामागे सगळं कुटुंब. सगळ्यात लहान पिल्लू पळायचं, मधेच थबकायचं, परत पळायचं.

थेटरात चिडीचूप झालं. मला वाटलं आता शिव्या सुरू होणार.

तेवढ्यात मागून कोणीतरी ओरडलं, "हाऽऽड! हाऽऽड होऽऽ!"

जागलीवरची हाळी. मग दुसरीकडून आली, मग तिसरीकडून. कोणी खुर्चीच्या पत्र्यावर थापा मारायला लागलं. अर्धं थेटर पडद्यावरची डुकरं हाकलत होतं. आणि नेमकी त्याच क्षणी पडद्यावरची आजी थांबली, वळली आणि आमच्याकडे अशी काही रागानं बघायला लागली की सगळे जे फुटले! लेकरं खुर्च्यांवर उभी राहून उड्या मारत होती. बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या. ह्यांचे खांदे हलत होते. मला आधी वाटलं खोकला आला. पण हे हसत होते. किती वर्षांनी पाहिलं मी ते, आणि त्या अंधारात मला हुंदका आला. मग केंद्रावर ओरडून ओरडून बसलेल्या आवाजात त्यांनीही दिली एक हाळी ठोकून.

म्हातारा डोळे पुसत म्हणाला, "ज्यानं हे डुक्कर चालवलं ना, त्यानं जागल केली हाय. घरात बसून नाही जमत असं."

मग म्हाताऱ्यानं ह्यांच्याकडे निरखून पाहिलं. "तुम्ही ग्रेडर साहेब ना? माह्या कापसाले तुम्ही दोन नंबर लावला होता."

"ओला होता," हे म्हणाले.

"होता थोडा," म्हाताऱ्यानं मान्य केलं आणि ह्यांच्यापुढे शेंगा धरल्या. "आता ह्या पिच्चरले किती नंबर देता?"

पोरासाठी तरी खोटं बोला हो, असं मी मनात म्हणत होते. पण हे कुठले बोलतात?

"दोन नंबर," हे म्हणाले. "पत्ती लय हाय. गाणी काढून टाकली असती तं निंगला असता साफ."

"अन् डुकराच्या चालीले?"

ह्यांनी पडद्याकडे पाहिलं. अंगठा बोटावरून एकदा फिरला.

"एक नंबर."

"कोणी केली असंन?" म्हातारा म्हणाला.

नंबर देऊन झाला होता, आता नाव सांगायला हरकत नव्हती. "माह्या पोरानं," हे म्हणाले, आणि म्हाताऱ्याच्या दुपट्ट्यातल्या शेंगा खाऊ लागले.

शेवटी नावं इतकी भरभर वर गेली की पोराचं नाव आम्हाला दिसलंच नाही. मला त्याचं काही वाटलं नाही.

बसस्टँडजवळच्या एसटीडीवरून फोन लावला. रिसीव्हर ह्यांनीच घेतला आणि सुरू झाले. पिच्चर लांबला. गाणी फालतू. बाप इतक्या वेळा कायले पडते चिखलात? मी बाजूला उभी राहून तडफडत होते. पलीकडे पोरगं काय ऐकत असेल. शेवटी मी त्यांच्या हातातून रिसीव्हर ओढायला गेले, तर त्यांनी माझा हात धरून ठेवला आणि पोराला म्हणाले, "सेठले मी उद्या सांगून देतो, दुसरं पोरगं पाहा म्हणून. तुह्यासाठी इथं जागा नाही आता."