रॅमला कुंकू

शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत मी कॉम्प्युटर सांभाळायची. दोन हजार सालानंतरची गोष्ट. पगार, चलनं, मालाची आवकजावक सगळं एका सर्व्हरवर, आणि तो महिनाअखेरीला असा रखडायचा की गेटवर ट्रक खोळंबून ड्रायव्हर शिव्या घालायचे. त्या ऐकायला मी. सर्व्हरची मेमरी, म्हणजे रॅम, वाढवा म्हणून मी मालकांच्या मागे लागले होते. शेवटी ते म्हणाले, "आणूया की. सर्व्हर नीट पळाला की दिवाळीला तुम्हाला कायम करतो, म्याडम." वडील अंथरुणाला खिळलेले, घरात मिळवती मी एकटी. 'कायम' या शब्दावर माझा जीव टांगलेला होता.

रॅम आली ती नेमकी खंडेनवमीच्या आदल्या दिवशी. नवी वस्तू पूजेशिवाय वापरायची नाही, असं ठरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पाने, हातोडे, मापं घ्यायचे व्हर्नियर यांच्या रांगेत रॅमच्या दोन पट्ट्याही पाकिटातून काढून मांडल्या. पूजा आमच्या म्हाताऱ्या हिशेबनिसांच्या हातची. माणूस कडक सोवळ्याचा आणि तोंडाचा तिखट. माझी पाळी आली होती, म्हणून घरच्या वळणाप्रमाणे मी आपण होऊन दाराशीच उभी राहिले. नारळ फुटला, आणि मालकांनी पट्ट्या माझ्या हातात ठेवल्या.

ऑफिसला लागूनच्या खोलीतला सर्व्हर बंद केला, पट्ट्या बसवल्या, बटण दाबलं. बीप, बीप, बीप. पडदा काळा. काढून पुन्हा दाबून बसवल्या, तेच. नव्या काढून जुन्यांवर सुरू केला तर लगेच झाला. म्हणजे खोट नव्या पट्ट्यांत. एकेक लावून पाहिली, दोन्ही तशाच. दोन्ही एकदम खराब कशा निघतील? मी डोकं खाजवत होते तेवढ्यात हिशेबनीस सगळ्या ऑफिसला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "बाई, सकाळी पूजेला लांब दाराशी का हुब्या हुतासा?"

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा कानशिलं तापली.

"शिवाशिव झालीया, मालक. मग कसं सुरू हुईल?"

मालक माझ्याकडे वळले. "व्हय का, म्याडम?"

डिस्पॅचची माणसं, वॉचमन, सगळे माझ्या उत्तराची वाट बघत होते. जे मी आईलाही कुजबुजत सांगायची ते मला भर ऑफिसात विचारलं जात होतं, आणि विचारणाऱ्याला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. मी "हो" म्हटलं. त्या दोघांचा मला आजही राग येतो.

मग एक पट्टी उचलून खिडकीच्या उजेडात नेली. खालच्या सोनेरी दातांवर हळदकुंकवाचं बोट ओढलेलं, वाळून घट्ट बसलेलं. रॅम सर्व्हरशी जोडली जाते ती त्याच दातांनी. टेबलावरचं खोडरबर घेऊन दोन्ही पट्ट्यांचे दात घासले, खाचा ब्रशने साफ केल्या. या वेळी बीप एकदाच वाजली आणि पडद्यावर वाढलेली मेमरी दिसली. लाल झालेलं खोडरबर मी मालकांसमोर धरलं.

"हे होतं."

हिशेबनीस म्हणाले, "देवाचं कुंकू पुसलासा व्हय?"

मालकांनी खोडरबराकडे पाहिलं, मग हिशेबनिसांकडे. "चालू झालं न्हवं? आता वाढवू नका."

दिवाळीला त्यांनी शब्द पाळला, मला कायम केलं. पेढा हातात देताना म्हणाले, "फकस्त त्या दिवसांत सर्व्हरच्या खोलीत जायचं न्हाय. हिशेबनिसांना सांगत जावा." मी पेढा घेतला आणि "बरं" म्हटलं.

त्यानंतर दर महिन्याला मी त्या म्हाताऱ्याच्या टेबलापाशी जाऊन सांगायची, आणि तो मान हलवायचा. तारखा मी खोट्या सांगायची. खऱ्या दिवसांत त्याच खोलीत बसून काम करायची आणि सर्व्हर सुरळीत चालायचा. हे त्याच्या तोंडावर ओरडून सांगावंसं वाटे, पण सांगितलं असतं तर नोकरी गेली असती. म्हातारा निवृत्त होईपर्यंत आपल्या सोवळ्यामुळेच सर्व्हर चालतो असं समजत राहिला.