सतरा नंबर, दोघी हजर

शरदरावांचा फोन आला तेव्हा मी सकाळचा चहा गाळत होते. माझ्या मैत्रिणीचे, विजूचे, हे यजमान आईच्या ऑपरेशनसाठी नाशिकला गेले होते. "सुलभाताई, विजू फोन उचलत नाहीये. तुमच्याकडे किल्ली आहे ना, जरा बघता का?" मी कुवेतच्या सालमिया भागातून मिरकाबला, विजूच्या घरी पोहोचले, तर इमारतीचा राखणदार दाराशी उभा राहून बेल वाजवत होता. "मॅडम खोलती नहीं," म्हणाला. मी दार उघडलं... विजू स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात पडली होती. मेंदूत रक्तस्राव, डॉक्टर म्हणाले. किती वाजता गेली, ते मी विचारलं नाही. मला भीती वाटली. दीड महिना झाला, अजून वाटते.

पुण्याच्या मुलींच्या वसतिगृहात आम्ही दोघी तीन वर्षं सतरा नंबरच्या खोलीत होतो. संध्याकाळी साडेसातला हजेरी, आणि नेमकी तेव्हा विजू नाटकाच्या तालमीला. मग मी दारातून ओरडायचे, "सतरा नंबर, दोघी हजर!" रेक्टरबाई वहीतून मान वर काढत नसत. खोटं बोलायची इतकी सवय झाली होती, की विजू खरंच खोलीत असली तरी माझा आवाज कापायचा.

पुढे लग्नं झाली, नवऱ्यांच्या तेलाच्या नोकऱ्यांमागून आम्ही कुवेतला आलो, आणि शोधता शोधता त्याच वसतिगृहातल्या अकराजणी इथे सापडल्या. दर शुक्रवारी कुणाच्या तरी घरी वडे तळायचे आणि मेसच्या पाणचट आमटीला नावं ठेवायची. मुलं कंटाळून इंग्रजीत विचारायची, घरी कधी जायचं? मग आखातातल्या तणावाच्या बातम्या यायला लागल्या, भोंग्यांच्या चाचण्या सुरू झाल्या, नवरे साइटवर अडकायला लागले. तेव्हा विजूनेच ग्रुपवर हजेरी सुरू केली. रोज साडेसातला प्रत्येकीने आपला खोलीनंबर आणि नाव टाकायचं. "जन्मभर हजेरी बुडवलीस, आता तुला बाई व्हायचंय होय?" मी चिडवलं. ती हसली नाही. "सुले, इथे एकटीला काही झालं तर दार कोण उघडणार गं? आणि हे बघ, इथे प्रॉक्सी चालणार नाही." तिच्या घराची जादा किल्ली तिने माझ्या हातात ठेवली. ती माझ्या ओट्यावरच्या खिळ्याला टांगलेली असे.

ती सापडली त्याच्या आदल्या दिवशी दुपारी ती फोनवर म्हणाली होती, डोकं जड झालंय, पडते जरा. साडेसातला सगळ्यांचे नंबर आले, तिचा नाही. मी दोनदा फोन लावला. झोपली असेल, म्हटलं. ग्रुपवर "विजू कुठाय?" सुरू झालं. मेधाने लिहिलं, "मी दस्मानलाच आहे, पाच मिनिटांवर. बघून येऊ का?" माझी पोळी तव्यावर होती, किल्ली डोळ्यांसमोर होती. उगाच कशाला तिची झोपमोड, म्हणून मी हसत हसत टाइप केलं, "सतरा नंबर, दोघी हजर." सगळ्यांनी हसरे चेहरे पाठवले. मेधा घरी गेली.

नाशिकला विजूचं सगळं उरकून शरदराव परतले, तेव्हा त्यांनी विचारलं, "मेधा म्हणाली, तुम्ही तिची हजेरी लावलीत. साडेसातला तुमच्याशी बोलली ना ती? शेवटचं काय म्हणाली?" मी म्हणाले, "झोप येतेय म्हणाली." त्यांनी डोळे पुसले. "चला, शांत गेली म्हणायची."

शरदराव, साडेसातला ती माझ्याशी बोलली नव्हती. तेव्हा ती होती की नव्हती, मला ठाऊक नाही. असली, तर त्या लादीवर बेल वाजायची वाट बघत होती का... हा विचार मला पोळी लाटताना गाठतो, गाडी चालवताना गाठतो. शुक्रवारी तुम्ही किल्ली न्यायला येणार आहात. तोंडावर सांगायची माझी छाती नाही, म्हणून आधी हे लिहिलं. वाचून तुम्ही आलाच नाहीत तरी मी समजेन.

हजेरी अजून चालू आहे. बंद करू या म्हणायला सगळ्याच घाबरतात. साडेसातला मी फोन हातात घेते, "सतरा नंबर" लिहिते. एकदाच लिहिलेलं त्या फोनने लक्षात ठेवलंय. पुढचा शब्द तो आपणहून सुचवतो... दोघी.