मनीप्लँटचा थेंब आणि सोसायटीची टाकी

बोळिंजच्या आमच्या सोसायटीत मी विज्ञानाचा प्रसार केला, आणि दुसऱ्या दिवशी अख्ख्या इमारतीला आंघोळ मिळाली नाही.

मी तेव्हा मुंबईच्या एका प्रयोगशाळेत सूक्ष्मजीवांवर काम करायचो. शास्त्रज्ञांनी लोकांत मिसळून बोललं पाहिजे, असं माझ्या डोक्यानं घेतलं होतं. गच्चीवर सोसायटीचा सत्यनारायण, लोक आयतेच बसलेले (प्रसाद वाटायचा होता, त्यामुळे कुणी उठून जाणार नव्हतं!). मी सूक्ष्मदर्शक उचलला.

"अहो, जरा सोपं बोला," बायको म्हणाली. "आणि लवकर आटपा! उद्या शुभाचा साखरपुडा आहे आपल्याकडे."

शुभा म्हणजे माझी मेहुणी. नाही नाही म्हणता म्हणता तिला एकदाचा मुलगा पसंत पडला होता. चिपळूणहून माणसं यायची होती आणि बायकोचा जीव टांगणीला लागला होता.

इकडे माझी वेगळीच पंचाईत. गच्चीवरच्या टाकीचं पाणी तपासलं, तर इतकं स्वच्छ की दाखवायला एक जीव नाही! म्हणून मी मनीप्लँटच्या बाटलीतला थेंब घेतला. लपवलं नाही हो! पहिल्याच वाक्यात सांगितलं, "प्रस्तुत थेंब हा टाकीतील जलाचा प्रातिनिधिक नमुना नसून केवळ निदर्शनार्थ आहे!" सगळ्यांनी माना डोलावल्या. मला वाटलं, कळलं.

पहिला डोळा सेक्रेटरी राऊतकाकांनी लावला. "अगं आई गं! हे तर पळतंय!"

"बघू, बघू!"

"शी! याला केस आहेत!"

"आणि हे आपण पितो?"

काय तो उत्साह! बायका पोरांना उचलून दाखवताहेत, भटजीसुद्धा रांगेत! मला तर आभाळ ठेंगणं झालं. "हा बघा, हा दुसऱ्याला खातोय!" मी ओरडत होतो.

तेवढ्यात धो धो आवाज आला. राऊतकाका टाकीची खालची तोटी उघडून चिंब उभे! "सोडलं सगळं! एक किडा ठेवणार नाही!" टाळ्यांचा कडकडाट झाला. मी वाकून नमस्कार केला (मला वाटलं, टाळ्या व्याख्यानाला आहेत).

"अहो काका, ते पाणी चांगलं होतं!"

"तुम्हीच म्हणालात ना, टाकीतल्या जलाचा नमुना?"

"नमुना नसून म्हणालो!"

"मग तसं मराठीत सांगायचं!"

टँकर परवा येणार होता.

दुसऱ्या दिवशी पाहुणे घामाघूम होऊन आले. मुलाच्या वडिलांनी हात धुवायला नळ फिरवला. नळ नुसता फुसफुसला. "पाणी नाही?" त्यांच्या कपाळावर आठी आली. शुभाचा चेहरा खर्रकन उतरला. मी खाकरून पुढे झालो.

"त्याचं असं आहे, निदर्शनार्थ घेतलेल्या नमुन्याचं जनसामान्यांना झालेलं आकलन..."

पाहुणे एकमेकांकडे बघायला लागले. मुलाच्या आईनं तर पर्स उचलली! शुभा रडायच्या बेतात.

"आमचे हे लोकांना विज्ञान शिकवायला गेले," बायको मध्येच म्हणाली, "आणि घाबरून लोकांनी टाकी रिकामी केली."

मग मुलाचे वडील पोट धरून हसायला लागले. "अहो, मग चहा नुसत्या दुधाचा करा, पण साखरपुडा उरकून घेऊ!" शुभाला हायसं वाटलं, आणि मला तर तिच्याहून जास्त!

डोळे पुसत ते माझ्याकडे वळले. "आणि तुम्ही मघाशी काय सांगत होतात?"

"हेच," मी म्हणालो. "मला फक्त तासभर लागला असता!"