अण्णाचे स्पीकर आणि अंगणातला खड्डा

लोंढ्याच्या पार्सल ऑफिसात मी कारकून होतो. दिवसभर कानापाशी गाड्या. मालगाडीचे डबे एकमेकांवर आदळले की टेबलावरचा चहा हिंदकळायचा. सुटीच्या दिवशी बेळगावला थोरल्या भावाकडे, अण्णाकडे यायचो ते निदान एक दिवस तरी गाडीचा आवाज नको म्हणून. आणि अण्णा मला खुर्चीत बसवून, दार-खिडक्या लावून, तबकडीवर आगगाडी ऐकवायचा.

खरंच आगगाडी. परदेशातली कुठलीशी तबकडी होती, गाण्याची नव्हे, नुसत्या आवाजांची. डाव्या स्पीकरातून गाडी यायची, उजव्या स्पीकरातून निघून जायची. मग काच फुटायची, मग कुणीतरी टेबलटेनिस खेळायचं. अण्णा माझ्या तोंडाकडं बघत विचारायचा, मधनं गेल्यासारखी वाटली का? मी म्हणायचो, वाटली. त्यावर तो सुई उचलून पुन्हा मागं ठेवायचा आणि तीच गाडी पुन्हा यायची. अण्णाकडं गाण्याच्या तबकड्या हाताच्या बोटावर मोजण्याइतक्या, आणि त्यातल्या एकीवरचंही गाणं त्यानं कधी शेवटपर्यंत ऐकलेलं मी पाहिलं नाही. गाणं रंगात आलं की हा उठून स्पीकर बोटभर सरकवणार.

माझा भाऊ मूर्ख असता तर मी इतका चिडलो नसतो. तो आमच्या घरातला पहिला शिकलेला. आप्पा निपाणीत तंबाखूच्या वखारीत पोती उचलायचे, आई तिथंच तंबाखू चाळायची. त्या घरातला पोरगा बँकेत अधिकारी झाला, बेळगावात नव्या वसाहतीत चार खोल्यांचं घर घेतलं, हायस्कुलात शिकवणारी बायको मिळाली. आई तोवर गेलेली. आप्पांना अण्णानं आपल्याकडं आणलं. इथपर्यंत सगळं अभिमान वाटावा असं. मग त्याच्या बँकेत निपाणीचा एक तंबाखूचा व्यापारी यायला लागला आणि घरात स्पीकर शिरले.

व्यापाऱ्याकडं परदेशी स्पीकर होते. अण्णा एकदा ते ऐकून आला आणि त्याला आपल्या घरातला बरा-चांगला रेकॉर्ड प्लेअर पत्र्याच्या डब्यासारखा वाजतोय असं वाटायला लागलं. त्यानं कुठून तरी स्पीकरचा नकाशा मिळवला, सुताराला बाहेरच्या खोलीतच बसवलं आणि माणसाच्या छातीएवढी दोन खोकी करून घेतली. लाकडाच्या दुहेरी फळ्या, आणि त्यांच्या मध्ये चाळलेली, तव्यावर भाजून कोरडी केलेली वाळू. वाळू वहिनीनं भाजली. खोकी हादरू नयेत म्हणून वाळू, असं अण्णा सांगायचा. ती हादरणं शक्यच नव्हतं. चार माणसांना हलत नव्हती.

त्या खोलीत आप्पांची कॉट होती. ती व्हरांड्यात गेली. कॉट लोखंडी असल्यानं झणझणते, असं कारण. आप्पांचा छोटा ट्रान्झिस्टरही व्हरांड्यात गेला, कारण तो चालू असला की अण्णाच्या यंत्रात खरखर येते. आप्पा वारं चांगलं येतंय म्हणाले.

स्पीकर झाले तरी अण्णाचं समाधान होईना. आता त्याला वीज वाईट दिसायला लागली. वीज वाईट होतीच. संध्याकाळी सगळ्या वसाहतीत दिवे लागले की बल्बातली तार नुसती लाल व्हायची आणि पंख्याची पाती मोजता यायची. पण ती सगळ्यांनाच वाईट होती. अण्णाला ती स्वतःपुरती चांगली पाहिजे होती. त्यानं एक स्टॅबिलायझर आणला, तो गुणगुणतो म्हणून दुसरा आणला, आणि पहिला स्वयंपाकघरात वहिनीच्या डाळीच्या डब्यांशेजारी ठेवला. मीटरपासून यंत्रापर्यंत बोटाएवढी जाड वेगळी वायर टाकली. मग म्हणाला, मुख्य गोष्ट अर्थिंगची आहे. अंगणात पुरुषभर खड्डा खणला, त्यात तांब्याचा पत्रा उभा केला, भोवती कोळसा आणि खडे मीठ भरलं, वर सिमेंटचं तोंड केलं. खड्डा सतत ओला पाहिजे. म्हणजे रोज संध्याकाळी त्यात एक घागर पाणी.

तो उन्हाळा मला आठवतो. नळाला एक दिवसाआड पाणी, तेही करंगळीएवढं. वहिनी शाळेतून येऊन पदर खोचायची, कोपऱ्यावरच्या विहिरीचं पाणी शेंदून आणायची. आप्पा अंघोळीला अर्धी बादली घेत होते. आणि एक घागर खड्ड्याला. अण्णा स्वतः कधी कळशी घेऊन विहिरीवर गेला नाही. ऑफिसातून आला की फक्त विचारायचा, घातलं काय पाणी? वहिनी म्हणायची, घातलं.

अशातच एका रविवारी व्यापारी घरी यायचं ठरलं. सकाळपासून अण्णा खोली झाडत होता. जन्मात कधी केरसुणी हातात न घेतलेला माणूस. खोलीच्या बरोबर मधोमध, दोन्ही स्पीकरांपासून सारख्या अंतरावर, एकच खुर्ची ठेवली. ती ऐकणाऱ्याची जागा, बाकीच्यांनी भिंतीला टेकून बसायचं. मी भिंतीपाशी होतो.

गाडी दारात थांबली. व्यापारी अण्णाच्याच वयाचा, गोरा, हसतमुख, पायरीवरच नमस्कार करणारा. आप्पा व्हरांड्यात कॉटवर बसले होते. त्याला बघितल्याबरोबर आप्पा उठून उभे राहिले आणि डोक्यावरची टोपी नीट केली. ज्या वखारीत त्यांची पाठ वाकली ती याच्या बापाची होती. व्यापाऱ्यानं त्यांना ओळखलं नाही. बसा बसा, असं कुणालाही म्हणतात तसं म्हणून तो आत गेला. अण्णानं हे सगळं बघितलं. त्यानं आपले वडील म्हणून ओळख करून दिली नाही. दार ओढून घेतलं, बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून.

आत अण्णा वेगळीच भाषा बोलत होता. आम्ही घरी न्हाय, व्हय म्हणणारी माणसं. त्या दिवशी त्याच्या तोंडात पुण्याच्या रेडिओसारखं मराठी. त्यानं आगगाडी लावली. गाडी गेली. व्यापाऱ्यानं डोळे मिटून मान हलवली. अण्णा हळू आवाजात म्हणाला, "दोन आवाजांच्या मधली शांतता ऐका. ती किती काळीभोर आहे. ही सगळी ओल्या अर्थिंगची किमया." व्यापारी म्हणाला, शांतता खरोखर खोल आहे. मला त्या खोलीत पंखा बंद असल्यानं नुसता घाम ऐकू येत होता.

वहिनी चहाचा ट्रे घेऊन आत आली होती. तिनं कप ठेवले आणि अगदी साध्या आवाजात, भाजी संपली म्हणून सांगावं तसं म्हणाली, "त्या खड्ड्यात पाणी घालायचं मी कवाच सोडलंय. प्यायलाच पुरत न्हाय."

 मला वाटलं आता तरी हा माणूस हसेल. हसला असता तर सगळं निभावलं असतं. अण्णानं कप उचलला, थोडा विचार केला आणि म्हणाला, "तरीच. मघापासून वरचे स्वर जरा कोरडे येतायत." आणि व्यापाऱ्यानं पुन्हा डोळे मिटले, पुन्हा मान हलवली आणि सांगितलं की हो, त्यालाही कोरडेपणा जाणवला होता, पण बोलावं कसं म्हणून गप्प राहिला.

तिरस्कार म्हणजे काय ते मला त्या खोलीत कळलं. दोघांचाही आला. पण जास्त माझ्या भावाचा.

पाहुणा गेल्यावर मी व्हरांड्यात आप्पांजवळ बसलो. त्याच्यासमोर उभं राहायचं काय कारण होतं, असं मी जरा रागानंच विचारलं. आप्पा म्हणाले, "सवय रं. आन् तुजा अण्णा बी आत उभाच हुता न्हवं, सवताच्या घरात? दाराच्या फटीतनं दिसला." मी आठवून बघितलं. खरं होतं. खुर्ची एकच होती, तीत व्यापारी, आणि अण्णा सबंध वेळ तिच्यामागं उभा होता.

व्यापारी जाताना एक काम करून गेला. खोकी हौसेनं केलीत, पण खरा स्पीकर तो खरा स्पीकर, असं म्हणून त्यानं आपले जुने परदेशी स्पीकर अण्णाच्या गळ्यात मारले. त्याला नवे घ्यायचे होते. बँकेत त्याच्या मालावरच्या कर्जाची फाईल अण्णाच्याच टेबलावर होती, हे मी वहिनीकडून ऐकलं. अण्णा म्हणायचा, त्याचा फाईलशी काही संबंध नाही, आमचं नातं कानाचं आहे.

टेम्पोतून स्पीकर आले. वाळूची खोकी दोन भिंतींना उभीच राहिली, कारण ती दारातून बाहेर निघेनात. नव्या स्पीकरांना तर आणखी चांगली वीज पाहिजे. गल्लीत खांबावरून तीन फेज, म्हणजे विजेच्या तीन वेगळ्या तारा, येत होत्या. अण्णानं सायकलवरून हिंडून कुठल्या फेजवर कमी घरं आहेत ते शोधून काढलं आणि खासगी कामं करणाऱ्या एका ओळखीच्या वायरमनला खांबावर चढवून आपली लाइन त्या फेजवर घेतली. वहिनीनं विरोध केला. शेजारच्या निवृत्त मास्तरांनीही सांगितलं, की खांबाला असं परस्पर हात लावू नये. अण्णा त्यांना म्हणाला, तुम्हाला यातलं कळायचं नाही.

वायरमननं वर काय सैल सोडलं कुणास ठाऊक. आठवडाभर सगळं झकास होतं. मग एका संध्याकाळी, मी तिथंच होतो, जोराचा वारा सुटला. आत नव्या स्पीकरांवर आगगाडी चालू होती. एकाएकी दिवा पांढराशुभ्र झाला, पंखा कधी फिरला नव्हता असा फिरायला लागला. अण्णाचा चेहरा उजळला. "बघ," तो मला म्हणाला, "आता आवाज खुलला." तेवढ्यात बल्ब फुटला, अँप्लिफायरमधून धूर आला आणि गाडी मधेच बंद पडली. खांबावरची न्यूट्रलची, म्हणजे वीज परत नेणारी, तार सुटली होती. आमच्या फेजवरच्या सगळ्या घरांत दुप्पट वीज शिरली होती. गल्लीत एकापाठोपाठ एक दिवे फुटल्याचं ऐकू येत होतं. मास्तरांचा रेडिओ गेला. त्यांच्याशेजारी एक शिंपीण राहायची, तिनं नुकतीच शिलाई मशीनला मोटार बसवून घेतली होती. ती जळली.

माणसं अंधारात दारात आली. कुणी भांडलं नाही, तेच वाईट. अण्णा आत जळका वास घेत उभा होता आणि सांगत होता की दोष खांबाचा आहे. वहिनी बाहेर गेली. ती प्रत्येक दारात जाऊन सांगून आली, की हे आमच्या घरातनं झालंय, आम्ही भरून देऊ. परत आल्यावर तिनं अण्णाला सांगितलं, की स्पीकर उद्या विकायचे. अण्णा म्हणाला, स्पीकरना काही झालेलं नाही, फक्त अँप्लिफायर गेलाय. ती म्हणाली, "म्हणूनच इकायचे. काय झालं असतं तर घेतलं असतं कुणी?"

लग्नात लाउडस्पीकर लावणाऱ्या माणसानं ते नेले. शिंपिणीची मोटार दुरुस्त झाली, मास्तरांना रेडिओ आला. पुढच्या महिन्यात बँकेत अण्णाचं टेबल बदललं आणि व्यापारी यायचा बंद झाला. अण्णानं एकदा त्याला भेटून झालेली हकीकत सांगितली. तो म्हणे मनापासून हसला. आता घरी ऐकायला वेळ कुठला, गाडीत कॅसेट लावतो, म्हणाला.

वाळूची खोकी सुतारानं तिथंच कापून बाहेर काढली. आप्पांना आत बोलावलं तर ते आले नाहीत, वारं सोडून कुठं येऊ म्हणाले. खोलीत वहिनी शाळेतल्या मुलींच्या शिकवण्या घ्यायला लागली. वर्षभरानं तिनं आपल्या पगारातून एक साधा टेपरेकॉर्डर आणला आणि स्वयंपाकघरात फडताळावर ठेवला. मी गेलो तेव्हा त्यावर कुणीतरी भजन म्हणत होतं. अण्णा दारात उभा राहून म्हणाला, इथल्या प्लगमध्ये व्होल्टेज नीट नाही. वहिनीनं कढईत मोहरी टाकली.