तोकुजींची दोरी

सुएनो आजी ब्याऐंशी वर्षांच्या. तरी शरदातल्या गावाच्या रस्तासफाईला गवत-झुडपं तोडायचा कोयता घेऊन सगळ्यांच्या आधी हजर. कुणी मुळ्याचं लोणचं पुढे केलं की चाखून म्हणणार, "समुद्र आटवलास का गं बाई?" पण डोंगरातल्या आमच्या देवदारांच्या हद्दीपाशी पोचलो की त्या गप्प व्हायच्या. त्याला कारण माझे आजोबा.

आजींचे वडील तोकुजी यांनी काथ्याची दोरी ताणून तिथं त्यांच्या नि आमच्या जमिनीच्या हद्दीवर देवदारांची रांग लावली होती. पुढं झाडं मोठी झाल्यावर खालच्या हद्दीच्या दगडापासून बघितलं, तर वरची चौदा झाडं दोन पावलं आमच्या जमिनीत. आजोबांनी खोडांवरचं तोकुजींचं नाव तासून काढलं, शाईनं स्वतःचं लिहिलं आणि त्यांना गावभर हद्दचोर म्हणत सुटले. तोकुजी भांडले नाहीत. "दोरी ढिली पडली असेल," एवढंच मरेपर्यंत म्हणत राहिले. खोडावरची शाई फिकट झाली की आमच्याकडे ती पुन्हा गिरवतात. मीही गिरवली आहे.

गेल्या हिवाळ्यात भूकंपाच्या जुन्या भेगा शोधायला डोंगरावरून विमान फिरलं. ते खाली लेसरचे किरण सोडतं. पानांच्या फटींतून जमिनीला लागून परतलेले तेवढेच वेचले, की नकाशात जंगल उरतच नाही, उघडी जमीन दिसते. हात्सुमी नावाच्या संशोधक बाईंनी तो नकाशा आजींच्या ओट्यावर पसरला. एक भेग आमच्या रांगेला मधोमध कापून गेली होती.

आम्ही तिघं वर गेलो. भेगेजवळचं एक देवदार बुंध्याशी वाकून मग सरळ वाढलेलं. बाईंनी पोकळ गिरमिटानं त्याच्यातून काडीएवढा तुकडा काढला आणि सालीकडून वर्तुळं मोजली.

"इथली दहा-बारा केसासारखी बारीक आहेत. मुळं तुटली, झाड उपाशी राहिलं. सत्त्याहत्तर वर्षांपूर्वीच्या मोठ्या भूकंपापासून."

"मी पाच वर्षांची होते तेव्हा," आजी म्हणाल्या. "घरं पडलेली, डोंगरात कोण बघायला जातंय? म्हणजे, रांग वाकडी नव्हती?"

"सरळच होती. वरची जमीन झाडांसकट सरकली."

आजी मुळावर बसल्या. "शिगेओ, मीसुद्धा विचारलं होतं रे त्यांना. शेवटच्या आजारात. म्हटलं, बाबा, खरंच चोरलीत का जमीन?"

दुसऱ्या दिवशी सकाळी चाकू, शाई आणि कुंचला घेऊन मी त्यांना न्यायला गेलो. मी आजोबांचं नाव तासत गेलो, त्या वडिलांचं लिहीत आल्या.

"तुझ्या आजोबांचं अक्षर माझ्यापेक्षा बरं होतं, मेलं," मधेच एकदा म्हणाल्या.

चौदावं नाव संपल्यावर त्यांनी शाईचा हात तसाच खोडावर टेकवला.

"बाबा, दोरी ताणलेलीच होती हो."